गवई सिस्टरांचा निळा डबा

गवई सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात सुई होती. मी चौथीत होते. इंझोरीच्या शाळेत लसीकरण होतं आणि आमची रांग वऱ्हांड्यात उभी होती. आमच्या वर्गाच्या बाई रांगेतल्या एकेकीला सांगत होत्या, "काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटते." माझा नंबर आला तेव्हा मी खुर्चीवर बसलेल्या बुटक्या, जाड चष्म्याच्या नर्सबाईंना विचारलं, "मुंगीच चावते ना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मुंगी नाही, सुई हाये. टोचीन. दुखीन. मंग थांबीन."

तसंच झालं. टोचलं, दुखलं, थांबलं. मला त्या नर्सबाईंचा राग आला नाही. मुंगी म्हणणाऱ्या बाईंचा मात्र पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

त्यानंतर त्या मला भेटल्या त्या जवळपास पंधरा वर्षांनी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आईवडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात सोयाबीन सोंगायला, कापणीला जाऊन मला शिकवलं, समाजकार्याची पदवी घेऊ दिली आणि वाशीमच्या एका छोट्या संस्थेत मला नोकरी लागली. कोरोनानंतर संस्थेनं एक नवं काम हाती घेतलं होतं. ज्या मुलांची आई किंवा वडील वारले आहेत, अशा मुलांना दर रविवारी दोन तास एकत्र बसवायचं. खेळायचं, चित्रं काढायची, आणि ज्याला बोलावंसं वाटेल त्याला बोलू द्यायचं. त्यासाठी गावोगावी स्वयंसेवक शोधायचे होते. माझ्याकडे कामरगाव आलं.

गावात चौकशी केली तर किराणा दुकानदारानं लगेच नाव सांगितलं. "रिटायर झालेल्या गवई सिस्टर हायेत, विहाराच्या मागं. तुमचं त्या काही ऐकनार नाहीत, पण पोट्टे त्यायचं ऐकतात."

मी गेले तेव्हा सिस्टर ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी माझं भाषण सुरू केलं. शोक म्हणजे काय, मुलांच्या मनावर त्याचा परिणाम काय होतो, वगैरे. सूप न थांबवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला.

"खायाले काय देनार?"

मी म्हणाले, "बिस्किटं देऊ."

"बिस्किटानं काय होते? रडल्यावर लय भूक लागते, मॅडम. चिवडा मी करीन."

तेव्हापासून चारचौघांत त्या मला 'मॅडम' म्हणत आणि दोघीच असलो की 'पोरी'. इंझोरीची ती रांग मी त्यांना सांगितली, तर त्यांना काही आठवलं नाही. "हजारो ढुंगनं अन् दंड टोचले म्या," त्या म्हणाल्या, "तोंडं कोठी ध्यानात ठेवू?"

वाशीमला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि आपापल्या आयुष्यातलं दुःख सांगायला सांगितलं. एकेक जण बोलत गेला, काही जण रडले. सिस्टरांची पाळी आली. त्यांचं मूल गेलं असावं असा सगळ्यांचाच अंदाज होता, माझाही. नाहीतर या वयात असल्या कामात कोण पडेल?

"माया घरी सगळे जित्ते हायेत," सिस्टर म्हणाल्या. "नवरा हाये. पोरगा हाये, पुण्याले. सासू नव्वदीची हाये अन् मले रोज शिव्या देते. म्हून तं मले रविवारचा वेळ हाये."

सगळे हसले. प्रशिक्षकांनी पेन उघडलं होतं, ते तसंच थोडा वेळ धरून त्यांनी बंद केलं.

पहिल्या रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या वऱ्हांड्यात नऊ मुलं जमली. बरोबर दहा वाजता फाटकातून सिस्टर आल्या. खांद्याला लस ठेवायचा निळा डबा लटकत होता, पांढऱ्या झाकणाचा. डबा पाहताच दोन मुलं मागची भिंत चढून पार झाली आणि एक लहानगी खांबामागे लपून ओरडायला लागली. गावातल्या प्रत्येक मुलाला त्या डब्याचा अर्थ ठाऊक होता.

सिस्टरांनी डबा फरशीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आवाज दिला, "पळा, पळा! पळनाऱ्यायचा चिवडा मी खाईन! याच्यात सुई नाही. सुई असती तं सांगतलं असतं."

डबा खात्यानं मोडीत काढलेला होता. कडी तुटली होती म्हणून त्यांनी झाकण साडीच्या जुन्या काठानं बांधलं होतं. आत बर्फाच्या दोन पिशव्या, लिंबाच्या सरबताची स्टीलची बरणी आणि चिवड्याचा पुडा. भिंतीपलीकडची दोघं सरबताच्या वासानं परत आली. त्या दिवसानंतर डब्याला कुणी घाबरलं नाही. मुलं उलट तो उचलायला भांडायची.

सिस्टर कुणाला जवळ घेत नसत. डोक्यावरून हात फिरवणं, 'बिचारं लेकरू' म्हणणं, असलं काही त्यांच्याकडून होत नसे. दुसऱ्या कुणी केलं तर त्यांच्या कपाळावर आठी पडायची. पण एखादं मूल गप्प होऊन कोपऱ्यात बसलं, की त्या जाऊन शेजारी बसायच्या, त्याचं मनगट हातात घ्यायच्या आणि आपल्या उजव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजायच्या. पूर्ण एक मिनिट. त्या मिनिटात त्याही बोलायच्या नाहीत, मूलही नाही. मग आकडा सांगायच्या, "अठ्ठ्याऐंशी. ठीक हाये." आणि उठून जायच्या. कुणाला अंगाला हात लावू न देणारी मुलंसुद्धा सिस्टरांपुढे मनगट करायची. काही जण तर दर रविवारी आल्याआल्या विचारायची, "सिस्टर, माही नाडी?"

संस्थेला अहवाल लागायचा. मी त्यांना छापील तक्ता दिला होता. त्यात 'भावनिक प्रगती' असा रकाना होता. सिस्टर तो तक्ता उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायच्या: "रविवार. पोट्टे नऊ. दोन रडले. एक लय हसला. चिवडा संपला." मी वाशीमला बसून त्याचे तक्ते बनवायचे. आता वाटतं, संस्थेतल्या साहेबांना त्यांची पाठकोरी पानंच द्यायला हवी होती.

गावानं सुरुवातीला टोमणे मारले. एकदा पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर, मेलेल्यायच्या पोरायची शाळा काढली म्हंते! पास होऊन काय होते तुमच्या शाळेत?"

सिस्टर थांबल्या. "कोन, राजू का? ये, तुईबी नाडी पाहातो. तुया बारशाच्या आधी तुले म्याच उलटा धरला होता, रडत नव्हता म्हून. आता रडाले येते का नाही पाहू."

राजू पान लावत बसला. ठेल्यावर हसू पसरलं.

पहिल्या दोन महिन्यांत माझ्या हातून एक चूक झाली. प्रशिक्षणात शिकवलं होतं की मुलांना गेलेल्या माणसाची एखादी वस्तू आणायला सांगावी. मी तसं सांगितलं. पुढच्या रविवारी नऊपैकी सात मुलं रिकाम्या हातानं आली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे, अंथरूण, चपला, सगळ्याचं गाठोडं बांधतात आणि देऊन टाकतात. घरात काही ठेवत नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आजोबांचं गाठोडं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पुस्तकात वाचलेलं सांगताना ते आठवलंच नाही.

वस्तू आणणाऱ्या दोघांपैकी एक होता अकरा वर्षांचा विक्की. त्यानं वडिलांचा निळ्या रेघांचा शर्ट आणला होता. पाच मिनिटांनी फाटकातून किसनभाऊ आला. विक्कीच्या घरच्या वावरात कामाला असणारा माणूस. अंगात फक्त बनियान.

"सिस्टर, या पोट्ट्यानं दोरीवरून माहा शर्ट आनला."

"त्याहा नाही, माह्या बाबाचा हाये!" विक्की ओरडला.

"मले देल्ला होता, तेराव्याच्या दिशी. तुह्या आजीनं देल्ला, दोन हातानं."

दोघंही खरं बोलत होते. सिस्टरांनी शर्ट मागून घेतला, मांडीवर पसरला आणि विक्कीला विचारलं, "तुहा बाबा खिशात काय ठेवे?"

विक्कीनं शर्टाच्या खिशावर बोट ठेवलं. "शेंगदाने," मग म्हणाला. "माह्यासाठी."

सिस्टरांनी पर्समधून छोटी कात्री काढली, टाके कापायची. खिशाची शिवण एकेक धागा करून उसवली. खिसा विक्कीच्या हातात दिला, शर्ट किसनभाऊकडे दिला. "बिनखिशाचा चालते का तुले?"

"चालते ना," किसनभाऊ म्हणाला. शर्ट अंगात घातला आणि तो तिथंच खांबाला टेकून बसला. जाईना. शेवटी त्यालाही सरबत दिलं. विक्कीचे वडील त्याचे लहानपणापासूनचे सोबती होते, हे त्यानं त्या दिवशी सांगितलं. मुलं ऐकत होती. विक्की खिसा मुठीत धरून ऐकत होता.

त्या दिवसापासून सिस्टरांनी एक रीतच पाडली. गावात कुणी गेलं आणि घरात लहान मुलं असली की त्या दुसऱ्या दिवशी जायच्या. बायकांमध्ये बसायच्या आणि गाठोडं बांधायच्या आधी सांगायच्या, "एक वस्तू पोट्ट्यायची." बस, एवढंच. सुरुवातीला म्हाताऱ्या बायका तोंड फिरवायच्या. मेलेल्याची वस्तू घरात ठेवायची म्हणजे काय! सिस्टर वाद घालत नसत. काहीतरी मिळेपर्यंत उठतही नसत. कंगवा, चष्म्याची डबी, पाटी, एकदा तर नुसती एक चप्पल. वर्षभरात असं झालं की सिस्टर दारात दिसल्या की बायका आपणहून विचारायच्या, "सिस्टर, हे चालते का?"

आता समीक्षाचं सांगते. सिस्टरांविषयी लिहायला बसले ते तिच्यामुळेच.

समीक्षा दहा वर्षांची. तिचे वडील गजाननभाऊ कामरगाव ते कारंजा काळीपिवळी जीप चालवायचे. कावीळ झाली, अंगात भिनली, मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथंच ते गेले, सिस्टरांची ही रीत पडायच्या आधीच. त्या दिवसांत समीक्षाला शिरपूरला मामाकडे पाठवलं होतं. तेरवी झाल्यावर तिला आणलं आणि सांगितलं, बाबा पुण्याले गेले, कंपनीची गाडी चालवाले. जीप विकली गेली. तीच जीप रोज स्टँडवर लागायची, पुढच्या सीटवर दुसराच माणूस.

तिची आई सुनीता एकदा सिस्टरांकडे आली. पोरीचं रोज पोट दुखते, जेवत नाही. सिस्टरांनी पोट दाबून पाहिलं, नाडी मोजली आणि म्हणाल्या, "रविवारी शाळेत पाठव. चिवडा खायाले." समीक्षा यायला लागली. माझ्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण तिचे वडील तर पुण्याला होते. बाकीच्या मुलांना सगळं ठाऊक होतं. सिस्टरांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, "कोनी तोंड उघडाचं नाही. ते तिच्या मायचं काम हाये."

मला ते सहन होईना. एका रविवारी परत जाताना मी म्हणाले, "सिस्टर, तिला सांगायला हवं. मी सांगू का?"

"तू कोन?"

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तिले माहीत हाये, पोरी."

"कशावरून?"

"बाप पुण्याले गेला अन् पोट्टी एकदाबी म्हनत नाही का फोन लावून द्या. दिवाई गेली, नाही म्हने. तिचा वाढदिवस गेला, नाही म्हने. काहून?" त्या चालत राहिल्या. "ते मायले सांभाळून राह्यली. अन् माय तिले. दोघीबी जेवत नाहीत."

दोन दिवसांनी त्या सुनीताच्या घरी गेल्या. मलाही सोबत नेलं, पण दाराशी बसवलं. "तू मधात बोलू नको," असं आधीच सांगितलं होतं. समीक्षा शाळेतून यायची होती.

सुनीता आधी ऐकेचना. "सांगतलं तं पोट्टी मरून जाईन, सिस्टर."

"नाही मरत. जेवन करीन."

"मंग तुमीच सांगा ना. तुमचं ऐकते ते."

"हे पोट्टी झाली तवा मी होतो ना तुयाजवळ?"

"होत्या."

"जोर कोनं लावला होता?"

सुनीतानं पदर तोंडाशी घेतला. "म्या."

"मंग. आताबी मी बाजूले बसतो. जोर तुलेच लावा लागते."

मग सिस्टरांनी विचारलं, गजाननची काही वस्तू ठेवली का? सुनीता उठली आणि ज्वारीच्या कोठीत हात घालून तिनं एक पिवळा नॅपकिन काढला. ड्रायव्हर लोक मानेभोवती टाकतात तसा. गाठोड्यातून तिनं तो काढून ठेवला होता आणि सासूला दिसू नये म्हणून ज्वारीत पुरला होता.

समीक्षा आली. दप्तर काढायच्या आधीच तिला नॅपकिन दिसला. सुनीतानं तिला समोर बसवलं. ती सांगायला लागली, अडली, सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर घड्याळाकडे पाहत होत्या. शेवटी सुनीता म्हणाली, "बाबा पुण्याले नाही गेले, बाई. बाबा मेले."

समीक्षानं पाठीवरचं दप्तर काढून खाली ठेवलं. मग म्हणाली, "मले माहीत होतं. तू रडशीन म्हून नाही सांगतलं."

त्या दोघी किती वेळ रडल्या ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिथून उठून अंगणात गेले होते. परत दाराशी आले तेव्हा समीक्षा विचारत होती, "लय दुखलं का बाबाले?"

सुनीतानं सिस्टरांकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदाच सिस्टर मध्ये बोलल्या.

"दुखलं," त्या म्हणाल्या. "मंग थांबलं."

समीक्षानं मान हलवली. त्या संध्याकाळी तिनं दोन भाकरी खाल्ल्या, असं सुनीतानं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. सिस्टरांना मी ते कळवलं तर म्हणाल्या, "सांगतलं होतं ना. भूक लागते."

यानंतर वर्षभरानं सिस्टर बारीक दिसायला लागल्या. निळा डबा विक्कीला उचलायला सांगू लागल्या. एका शुक्रवारी त्यांनी मला बोलावलं आणि तूर पाखडताना सांगावं तसं सांगितलं, "पोटात गाठ हाये. नागपूरले जाऊन राह्यलो. पोट्ट्यायले काय ते मी येऊन सांगतो. तवरिक इचारलं तं दवाखान्यात गेली म्हनजो. बस."

रविवारी डबा नव्हता. मी बिस्किटं नेली होती. मुलांनी विचारलं, सिस्टर कुठं गेल्या? सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, समीक्षाही. दवाखाना हा एक शब्द उच्चारायचा होता. मी पदवीधर, प्रशिक्षण घेतलेली, दोन वर्षं हेच काम करणारी. आणि माझ्या तोंडातून आलं, "पुण्याला गेल्या. मुलाकडे."

आमच्या सगळ्यांच्या घरांत मुलांना अशा वेळी जे सांगतात तेच माझ्या जिभेवर तयार होतं.

समीक्षानं हातातलं बिस्किट पुड्यावर परत ठेवलं. उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

सिस्टर नागपूरहून परतल्या त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्या खाटेवर पडल्या होत्या. डोळे मिटून ऐकलं.

"तुले दुसरं गाव नाही सापडलं वं?" त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "झालं? आता जा. तिले सांगून ये. मले सांगून काय फायदा?"

मी गेले. समीक्षा दारात उभी राहिली, मला आत ये म्हणाली नाही.

"तुमी खोटं काहून बोलल्या, ताई?"

"मला भीती वाटली."

"कायची?"

"तू रडशील याची."

तिनं थोडा विचार केला. "मंग रडली असती. त्यात काय?" आणि मग विचारलं, "खरं काय झालं सिस्टरले?"

मी सांगितलं. पोटात गाठ आहे, दवाखान्यात होत्या, आता घरी आहेत, बाकीचं त्या स्वतः सांगणार आहेत. या वेळी मी एकही शब्द वाढवला नाही की कमी केला नाही.

त्या रविवारी विक्कीनं आणि किसनभाऊनं सिस्टरांना खुर्चीसकट वऱ्हांड्यात आणून बसवलं. डबा पायाशी होता. चिवडा त्यांच्या सासूनं सांगून आणि त्यांच्या नवऱ्यानं, गवईभाऊंनी, भाजून केला होता, जरा करपला होता. सिस्टरांनी मुलांना जवळ बसवलं आणि आजाराचं नाव सांगितलं. ऑपरेशन होणार नाही हेही सांगितलं.

एका लहान मुलानं विचारलं, "तुमी मरसान का?"

"हो."

"कधी?"

"तारीख नाही देल्ली डॉक्टरनं. सरकारी काम हाये, टाइम लागते."

दोघं-तिघं हसले. सिस्टरही हसल्या.

"दुखते का?" विक्कीनं विचारलं.

"दुखते. गोळी घेतली का थांबते. मंग पुन्हा दुखते."

मग समीक्षा उठून त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. तिनं सिस्टरांचं मनगट हातात घेतलं. त्यांच्या दुसऱ्या हातावरचं घड्याळ आता इतकं सैल झालं होतं की तबकडी खाली सरकली होती. समीक्षानं ती नीट वर वळवून घेतली आणि मोजायला लागली. ओठ हलत होते. सिस्टर अगदी शहाण्या पेशंटसारख्या समोर बघत स्थिर बसल्या होत्या. पूर्ण एक मिनिट वऱ्हांड्यात कुणी हललं नाही.

"एकशे दोन," समीक्षा म्हणाली. "जास्त हाये."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "जास्त हाये."

मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पुढच्या आठवड्यात मला बैठकीसाठी वाशीमला थांबावं लागलं आणि त्यानंतरच्या गुरुवारी गवईभाऊंचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी मी कामरगावला गेले. घर माणसांनी भरलं होतं. आतल्या खोलीत पुण्याहून आलेली सून चादरीवर साड्या ठेवत होती, गाठोडं बांधायला. तिला इथल्या रविवारांचं फारसं काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बायकांमधून वाट काढत समीक्षा आली. मागे बाकीची मुलं उंबऱ्यापाशी थांबली होती.

"एक वस्तू पोट्ट्यायची," ती म्हणाली.

सून गोंधळली. म्हाताऱ्या बायका मात्र गोंधळल्या नाहीत. त्यांच्यापैकी एकजण म्हणाली, "दे बापा, रीत हाये गावची."

"काय हवं तुला?" सुनेनं विचारलं. तिला वाटलं, पोरगी घड्याळ मागेल. तिनं ते हातात घेतलंही होतं. समीक्षानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

रविवारची बैठक आता सुनीताच चालवते, मी महिन्यातून दोनदा जाते. परवाच्या रविवारी एक नवा मुलगा आला होता, पाच-सहा वर्षांचा. त्याची आई गेल्याला महिनाही झालेला नाही. समीक्षा खांद्याला निळा डबा लटकवून फाटकातून आत आली, आणि तो आजीच्या पाठीमागे लपून ओरडायला लागला.

समीक्षानं डबा त्याच्यापासून जरा लांब, फरशीवर ठेवला.

"रडू नको," आजी त्याला म्हणाली.

"रडू द्या त्याले," समीक्षा म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून म्हणाली, "याच्यात सुई नाही. सुई असती तं सांगतलं असतं."

आणि साडीच्या काठाची गाठ सोडून तिनं झाकण उघडलं, त्याला आत बघता यावं म्हणून.